सात घड्याळे आणि एक बदनाम चौक: अगाथा ख्रिस्ती यांच्या वेगळ्या वळणाच्या कादंबरीविषयी

अगाथा ख्रिस्ती हे नाव उच्चारले की मराठी वाचकापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. नीटनेटक्या मिशांचा बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो, हातातील विणकाम न सोडता सगळ्या गावाची नाडी ओळखणाऱ्या मिस मार्पल, चार भिंतींत अडकलेले मोजके संशयित आणि शेवटच्या प्रकरणात सर्वांना दिवाणखान्यात बसवून केलेला उलगडा. मधुकर तोरडमल यांच्यासारख्या रंगकर्मीने केलेल्या अनुवादांमुळे हे चित्र मराठीतही रुजले.

या चित्रात न बसणारी त्यांची एक कादंबरी १९२९ च्या जानेवारीत लंडनच्या कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने काढली. तिचे नाव ‘द सेव्हन डायल्स मिस्टरी’. तीत पॉयरो नाही आणि मार्पलही नाहीत. भरधाव मोटारी आहेत, रात्रीच्या अंधारात झाडलेली पिस्तुले आहेत, घड्याळाच्या तबकड्यांचे मुखवटे घालून बसणारी गुप्त मंडळी आहे आणि हे सारे कपाटात लपून पाहणारी एक धाडसी तरुणी आहे. कादंबरीला ज्या चौकाचे नाव मिळाले तो सेव्हन डायल्स आज लंडनच्या कॅमडेन बरोच्या दक्षिण टोकाला, कव्हेंट गार्डनला लागून आहे. २०२६ च्या जानेवारीत आलेल्या नेटफ्लिक्सच्या मालिकेमुळे हे जवळजवळ विस्मृतीत गेलेले पुस्तक पुन्हा वाचकांच्या हाती पडू लागले आहे.

अशा पुस्तकाकडे सहसा थोर लेखिकेच्या उमेदवारीच्या काळातील गंमत म्हणून पाहिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. वाचकाचा संशय आपोआप कोणाकडे वळतो आणि का वळतो, याचा ख्रिस्ती यांनी केलेला अभ्यास या कादंबरीत जितका उघड दिसतो तितका त्यांच्या प्रसिद्ध रहस्यकथांत दिसत नाही. पत्ता, आडनाव आणि उच्चार यांवरून आपली पारख होते याचा अनुभव असलेल्या परदेशस्थ वाचकाला तर या पुस्तकात अधिकच काही सापडण्याजोगे आहे.

नऊपैकी पाच

ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ अमेरिकेत १९२० मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथपासून ‘सेव्हन डायल्स’पर्यंत त्यांच्या नऊ कादंबऱ्या होतात. त्यांतील चार निखळ शोधकथा आहेत आणि पाच साहसकथांकडे झुकलेल्या आहेत: ‘द सीक्रेट ॲडव्हर्सरी’ (१९२२), ‘द मॅन इन द ब्राउन सूट’ (१९२४), ‘द सीक्रेट ऑफ चिम्नीज’ (१९२५), पॉयरोलाच हेरगिरीच्या धावपळीत ओढणारी ‘द बिग फोर’ (१९२७) आणि ‘सेव्हन डायल्स’. म्हणजे पहिल्या दशकात साहसकथा हा त्यांच्या लेखनाचा निम्म्याहून अधिक भाग होता. ज्याला आपण आज ‘ख्रिस्तीचे नसलेले’ लेखन म्हणतो, ते त्या काळी त्यांचे नेहमीचेच लेखन होते.

या दोन प्रकारांतील फरक दिशेचा आहे. शोधकथेत गुन्हा आधी घडून गेलेला असतो आणि बुद्धी मागे वळून त्याचा माग काढते. साहसकथेत मोठा घात अजून व्हायचा असतो आणि नायक किंवा नायिका तो टाळण्यासाठी पुढे धावत असते. पहिलीत वाचकाला पुरावे तपासायला सवड मिळते; दुसरीत पान उलटण्याची घाई असते. शोधकथेचे नियम त्याच सुमारास लेखी स्वरूपात येऊ लागले होते. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये अशा कथांसाठी वीस नियम मांडले आणि त्यांतील एका नियमाने गुप्त संघटनांना दारातच मज्जाव केला. पुढच्याच वर्षी आलेल्या ख्रिस्ती यांच्या या कादंबरीचा सारा डोलारा अशाच एका गुप्त संघटनेवर उभा आहे.

साहसकथेकडे त्या का वळल्या, याचे उत्तर अंशतः त्यांच्या आयुष्यात आहे. १९२६ च्या एप्रिलमध्ये आई गेली. त्याच वर्षी पती आर्ची यांनी दुसऱ्या स्त्रीसाठी विभक्त होण्याची इच्छा सांगितली आणि डिसेंबरमध्ये ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता झाल्या. शोधमोहिमेने देश ढवळून निघाला आणि अखेर त्या हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. १९२८ मध्ये घटस्फोट झाला. लहान मुलीसह स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याची वेळ आली होती. ‘द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन’ (१९२८) त्यांनी मनाविरुद्ध, केवळ गरजेपोटी पूर्ण केली आणि हौशी लेखिकेची आपण व्यावसायिक लेखिका झालो ती तेव्हाच, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ‘चिम्नीज’ आणि ‘सेव्हन डायल्स’ या हलक्याफुलक्या धाटणीच्या कादंबऱ्यांना फारशी आखणी लागत नसल्याने त्या लिहायला सोप्या जात, असेही त्यांचे म्हणणे होते. पुस्तकाच्या खेळकरपणामागे असा कठीण काळ आहे, हे वाचताना कुठेही जाणवत नाही.

कथेचा धागा

कथा सुरू होते ‘चिम्नीज’ या खानदानी वाड्यात. लॉर्ड केटरहॅम यांनी तो सर ऑस्वल्ड कूट या पोलादसम्राटाला काही काळ भाड्याने दिला आहे. तेथे मुक्कामाला आलेल्या तरुण मंडळींत जेरी वेड नावाचा एक झोपाळू गृहस्थ आहे. त्याची खोड मोडायची म्हणून मित्र गावातून गजराची आठ घड्याळे आणतात आणि पहाटे साडेसहाला वाजतील अशी लावून त्याच्या खोलीत लपवतात. घड्याळे वाजतात, जेरी उठत नाही. क्लोरल या झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने त्याचा मृत्यू झालेला असतो. खोलीत घड्याळे ओळीने मांडलेली आढळतात, पण सातच. आठवे बाहेर हिरवळीवर पडलेले सापडते.

लॉर्ड केटरहॅम यांची कन्या लेडी आयलीन ब्रेंट ही कादंबरीची नायिका. घरचे तिला ‘बंडल’ म्हणतात. थापा मारण्याला ‘बंडल मारणे’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे नाव वाचून हसू येईल, पण ही बंडल थापेबाज नसून विलक्षण सरळ आणि निर्भय आहे. जेरीच्या अर्धवट राहिलेल्या पत्रात तिला ‘सेव्हन डायल्स’चा उल्लेख सापडतो. त्यानंतर लंडनच्या वाटेवर तिच्या मोटारीपुढे एक तरुण कोसळतो. आपल्या गाडीची धडक बसली असे तिला वाटते. प्रत्यक्षात त्याला गोळी लागलेली असते. मरताना तो पुन्हा तेच दोन शब्द उच्चारतो.

पुढचा प्रवास स्कॉटलंड यार्डचे सुपरिंटेंडंट बॅटल, सेव्हन डायल्स क्लब नावाचा रात्रीचा अड्डा, त्याच्या आतल्या खोलीत भरणारी मुखवटाधाऱ्यांची बैठक आणि एका जर्मन संशोधकाच्या पोलादविषयक सूत्राची चोरी असा होतो. बैठकीत प्रत्येकाच्या मुखवट्यावर घड्याळाची तबकडी आहे आणि प्रत्येक तबकडीवर वेगळा तास दाखवला आहे. सातव्या तासाची खुर्ची रिकामी आहे. ती कोणाची, आणि दोन तरुणांचे खून कोणी केले, हे सांगून नव्या वाचकाचा आनंद हिरावण्याचे कारण नाही. पुढील विवेचनातून मात्र उलगड्याच्या दिशेचा थोडा अंदाज येऊ शकतो.

चौकाची कीर्ती

१९२९ च्या वाचकासाठी ‘सेव्हन डायल्स’ हे नुसते स्थळनाम नव्हते. ते उच्चारताच कानात काहीतरी खटकत असे. त्यामागे सव्वादोनशे वर्षांचा इतिहास होता.

टॉमस नील या संसद सदस्याने १६९० च्या दशकाच्या आरंभी येथे वस्ती वसवली. एका बिंदूतून चहूकडे फाटणारे रस्ते आखण्यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा हिशेब मोठा होता. जमिनीचे भाडे दर्शनी लांबीवर आकारले जाई, आणि अशा आखणीत तेवढ्याच जागेत रस्त्याकडे तोंड असलेली घरे जास्त बसत. मध्यभागी एडवर्ड पियर्स या शिल्पकाराने सौरघड्याळांचा स्तंभ उभारला. गंमत अशी की रस्ते सात असले तरी स्तंभावर तबकड्या सहाच आहेत. मूळ आराखड्यात रस्ते सहा होते; पुढे सातवा वाढवला गेला. सावली पाडणारा स्तंभ हीच सातवी तबकडी, असे लोक म्हणत आले. सहा दिसणारी घड्याळे आणि न दिसणारे सातवे, ही कल्पना कादंबरीतील रिकाम्या सातव्या खुर्चीशी किती जुळते हे वेगळे सांगायला नको.

प्रतिष्ठितांसाठी बांधलेली ही वस्ती लवकरच उतरणीला लागली. शेजारच्या सेंट जाइल्स भागातील दारिद्र्य आणि दारूचे व्यसन हॉगार्थ यांनी १७५१ मध्ये ‘जिन लेन’ या चित्रात अमर केले. १७७३ मध्ये स्तंभ पाडण्यात आला. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या सुरुवातीच्या लेखनात येथील गल्ल्यांचे वर्णन केले आणि सेव्हन डायल्स म्हणजे लंडनच्या गरिबीचे व गुन्हेगारीचे प्रतीक हे समीकरण पक्के झाले. १८८० च्या दशकात शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू आणि चेअरिंग क्रॉस रोड काढताना आसपासच्या झोपडवजा वस्त्या हटल्या. वस्ती गेली तरी नावाचा धाक उरला.

ख्रिस्ती यांनी नेमका हाच उरलेला धाक वापरला. कादंबरीतील क्लबविषयी माहिती देणारा तरुण सांगतो की हा भाग पूर्वी गलिच्छ होता, आता साफसूफ झाला आहे. क्लबने मात्र ती जुनी कळा मुद्दाम जपली आहे. नाटक पाहून आलेली उच्चभ्रू मंडळी तेथे तळलेली मासळी आणि बटाटे खायला, गरिबीचा ‘अनुभव’ घ्यायला जातात. दारिद्र्य हटवायचे आणि मग त्याचीच सजावट करून विकायची, ही शहरांची रीत आजच्या वाचकाला अनोळखी नाही. आज त्याच चौकात महागडी दुकाने आणि खानावळी आहेत, १९८८-८९ मध्ये नव्याने उभारलेला स्तंभ आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर बसून कॉफी पिणारे पर्यटक आहेत. जवळच्या वेस्ट स्ट्रीटवरील सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये १९७४ पासून ख्रिस्ती यांचेच ‘द माउसट्रॅप’ हे नाटक चालत आले आहे.

भीतीचा बाजार

नावाच्या धाकाला काळानेही जोड दिली. पहिल्या महायुद्धानंतरचे ब्रिटन परक्या कटांच्या भीतीने पछाडलेले होते. १९२४ च्या निवडणुकीआधी ‘डेली मेल’ने रशियन नेते झिनोव्हिएव्ह यांच्या नावे एक बनावट पत्र छापून खळबळ उडवली. १९२७ मध्ये पोलिसांनी लंडनमधील सोव्हिएत व्यापारी कचेरीवर धाड घातली आणि दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. एडगर वॉलेस यांच्यासारखे लेखक गुप्त टोळ्यांच्या कथांवर अफाट खप मिळवत होते. रात्रीच्या क्लबांची बदनामीही ऐन भरात होती. ही कादंबरी आली त्याच जानेवारी महिन्यात सार्जंट गॉडर्ड या लंडनच्या पोलिसाला क्लबचालकांकडून लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली.

अशा वातावरणात वाचकाला बदनाम चौकातील क्लब, त्याचा मोसगोरोव्हस्की नावाचा रशियन चालक, जर्मन वाटणाऱ्या आडनावाचा नवा नोकर आणि मुखवट्याआडची माणसे दाखवली की आणखी पुरावा देण्याची गरज उरत नाही. वाचक स्वतःच आरोपपत्र तयार करतो.

ख्रिस्ती यांची खेळी येथे आहे. त्या खोटे कुठेच सांगत नाहीत. पत्ता, परके नाव आणि मुखवटा या तीन गोष्टी त्या फक्त समोर ठेवतात. साहसकथा वाचण्याच्या सवयीमुळे वाचकाला त्यांचा अर्थ आधीच ठाऊक असतो. त्याच वेळी खऱ्या शोधकथेला लागणारे पुरावे, म्हणजे हिरवळीवर पडलेले पिस्तूल, ते किती अंतरावर फेकले गेले याचा हिशेब, शेकोटीत सापडलेला अर्धवट जळका हातमोजा, हेही त्या उघड्यावर ठेवतात. बॅटल ते शांतपणे गोळा करतात. मुखवट्यांच्या थरारात गुंगलेला वाचक त्यांच्याकडे वरवर पाहून पुढे निघून जातो. धावत्या साहसकथेच्या पोटात एक सावकाश चाललेली शोधकथा दडलेली आहे, आणि शेवट जवळ आल्यावरच ती वर येते.

विनोदही याच कामाला जुंपलेला आहे. घरच्या माळ्याला काही सांगण्याचा धीर न होणाऱ्या लेडी कूट, जगाच्या कटकटीपासून दूर राहू पाहणारे लॉर्ड केटरहॅम, एकमेकांची टर उडवणारे निरुद्योगी तरुण, ही पात्रे पी. जी. वुडहाउस यांच्या जगातून आल्यासारखी वाटतात. हसणारा वाचक गाफील असतो. ज्यांच्या गप्पांनी आपले मन रमवले त्यांच्यावर संशय घ्यायला तो तयार होत नाही.

नायिकेची निवडही काळाला धरून आहे. १९२८ च्या जुलैत ब्रिटनमध्ये एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. तरुण मुलींच्या हाती मत गेल्याची चेष्टा वर्तमानपत्रांत चालू असताना ख्रिस्ती यांनी हिस्पानो मोटार हाकणारी आणि पुरुषांची वाट न पाहता कपाटात शिरणारी मुलगी कथेच्या मध्यभागी आणली. बंडल चुकतेही, पण तिच्या चुका धाडसाच्या आहेत.

मराठी वाचक काय बरोबर आणतो

इंग्रज वाचकाच्या मनात ‘गुप्त संघटना’ हा शब्द खलनायकाचा होता. मराठी वाचकाच्या मनात तो तसा नाही. १९०४ मध्ये आकाराला आलेली अभिनव भारत ही गुप्त संघटना, हायगेटमधील इंडिया हाउस आणि तेथील तरुणांवरील स्कॉटलंड यार्डची नजर हा महाराष्ट्राच्या शालेय इतिहासाचाच भाग आहे. ज्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत विनायक दामोदर सावरकर शिकले आणि ज्या संस्थेने राजकीय कारणावरून १९०९ मध्ये त्यांना बॅरिस्टरची सनद नाकारली, तीही आजच्या कॅमडेन बरोमध्येच, सेव्हन डायल्सपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच संस्थेतून बॅरिस्टर झाले. १९२१-२२ मधील त्यांचे वास्तव्याचे किंग हेन्रीज रोडवरील घरही याच बरोमध्ये आहे. यार्डच्या ज्या दप्तरात ख्रिस्ती यांचे बॅटल सज्जनपणे बसलेले दिसतात, त्याच दप्तरात एके काळी हिंदी विद्यार्थ्यांच्या हालचाली नोंदल्या जात होत्या. ही आठवण बरोबर घेऊन वाचणाऱ्याला मुखवट्याखाली गुन्हेगारच असणार याची खात्री तितक्या लवकर वाटत नाही.

मराठी रहस्यकथेनेही ही सवय लावली आहे. हजाराहून अधिक कथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड कायद्याच्या चौकटीबाहेर राहूनही वाचकाच्या मनात नायकच राहिला. अर्नाळकरांची पुस्तके एका बैठकीत संपवलेल्या पिढीला ‘सेव्हन डायल्स’चा वेग ओळखीचा वाटेल. आणि साहसकथा म्हणजे दुय्यम वाङ्मय, हा समज इंग्रजीप्रमाणे मराठीतही किती घाईने करून घेतला गेला, असाही प्रश्न पडेल.

जिथे पुस्तक तोकडे पडते

या सगळ्यामुळे कादंबरीला काळाच्या पुढचे पुस्तक ठरवणे चूक होईल. ख्रिस्ती वाचकाच्या पूर्वग्रहाचा उपयोग करतात, त्याची चिकित्सा करत नाहीत. परकी नावे येथेही बऱ्याचदा विनोदाचा विषय होतात. नोकरचाकरांना स्वतःचे मन फारसे दिलेले नाही. राज्यसंस्था आणि तिचे पोलीस यांच्या हेतूंवर एकही प्रश्न उपस्थित होत नाही. याच वाड्यात घडणाऱ्या ‘द सीक्रेट ऑफ चिम्नीज’मध्ये तर ज्यू आणि युरोपातील परकीय पात्रांविषयीची वर्णने आज वाचवत नाहीत. १९३९ च्या त्यांच्या एका विख्यात कादंबरीचे वंशद्वेषी शीर्षक पुढे बदलावे लागले. आज ती ‘अँड देन देअर वेअर नन’ म्हणून ओळखली जाते. अलीकडच्या आवृत्त्यांतून प्रकाशकांनी काही शब्द आणि वाक्ये गाळल्याची बातमी २०२३ मध्ये गाजली होती.

गाळलेली आवृत्ती वाचावी की मूळ, यावर मतभेद राहतील. मात्र ‘सेव्हन डायल्स’सारख्या पुस्तकात पूर्वग्रह हाच यंत्रणेचा एक दात आहे. तो काढून टाकला तर वाचकाची दिशाभूल कशी झाली, हे यंत्रच समजेनासे होईल. त्या काळी परक्या नावाच्या माणसाकडे कसे पाहिले जाई हे दिसले, तरच लेखिकेने त्या पाहण्याला कुठे चकवले हेही दिसते.

लॉन रोडवरील खरे हेर

कादंबरीनंतर बारा वर्षांनी ख्रिस्ती स्वतः आजच्या कॅमडेनमध्ये राहायला आल्या. बॉम्बवर्षावाच्या काळात, १९४१ मध्ये, त्यांनी पती मॅक्स मॅलोवन यांच्यासह हॅम्पस्टेडनजीकच्या लॉन रोड फ्लॅट्समध्ये बिऱ्हाड केले. वेल्स कोट्स या वास्तुकाराने रचलेली आणि १९३४ मध्ये खुली झालेली ही पांढरी इमारत आज आयसोकॉन या नावाने ओळखली जाते. पतीची नेमणूक उत्तर आफ्रिकेत झाल्यावरही त्या येथेच राहिल्या, युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या औषधालयात काम करत राहिल्या आणि १९४७ पर्यंत त्यांनी हे घर सोडले नाही. हेरगिरीवरची ‘एन ऑर एम?’ ही त्यांची कादंबरी १९४१ मध्येच आली. तिच्यातील मेजर ब्लेचली या नावामुळे गुप्तचर खात्याने चौकशी केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे, कारण शत्रूचे संदेश उलगडण्याचे गुप्त केंद्र ब्लेचली पार्कमध्ये होते.

पण त्या इमारतीचे खरे रहस्य वेगळेच होते. ख्रिस्ती येण्याच्या काही वर्षे आधी तेथे आर्नोल्ड डॉइच नावाचा व्हिएन्नाचा डॉक्टरेट मिळवलेला विद्वान राहत होता. तो सोव्हिएत गुप्तहेर होता आणि १९३४ मध्ये किम फिल्बी याला त्यानेच आपल्या जाळ्यात घेतले. फिल्बी वेस्टमिन्स्टर शाळेत आणि केंब्रिजमध्ये शिकलेला, उत्तम घराण्यातील, मनमिळाऊ गृहस्थ. तो ब्रिटिश गुप्तचर सेवेत वरच्या जागेवर पोहोचला आणि १९६३ मध्ये मॉस्कोला पळून जाईपर्यंत त्याच्या अनेक सहकाऱ्यांना आपल्यातला माणूस विश्वासघातकी असेल हे पटत नव्हते. ज्या काळात साहसकथांचे वाचक हेर शोधायला बदनाम गल्ल्यांत आणि परक्या नावांत डोकावत होते, त्याच काळात खरी हेरगिरी चांगल्या पत्त्यावर, चांगल्या शाळेच्या ओळखीवर आणि चांगल्या उच्चारांच्या आडोशाने चालू झाली होती. ‘सेव्हन डायल्स’ लिहिताना ख्रिस्ती यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. संशय पत्त्याच्या मागे धावतो आणि म्हणून फसतो, एवढे त्यांना ठाऊक होते.

वाचायचे ठरल्यास

‘द सीक्रेट ऑफ चिम्नीज’ आधी वाचली तर बंडल, बॅटल आणि लॉर्ड केटरहॅम यांची ओळख होते, परंतु ती अट नाही. ही कादंबरी स्वतंत्रपणे कळते. सुपरिंटेंडंट बॅटल यांचा माग पुढेही काढता येतो: ‘कार्ड्स ऑन द टेबल’ (१९३६), ‘मर्डर इज ईझी’ (१९३९) आणि ‘टोवर्ड्स झिरो’ (१९४४) यांतही ते आहेत. दूरचित्रवाणीवरील १९८१ च्या रूपांतरात जॉन गिलगुड यांनी लॉर्ड केटरहॅम साकारले होते.

१९२९ मध्ये प्रसिद्ध झालेली पुस्तके अमेरिकेत १ जानेवारी २०२५ पासून स्वामित्वहक्कातून मुक्त झाली, त्यामुळे तेथील वाचकांना ही कादंबरी विनामूल्य आणि कायदेशीरपणे वाचता येते. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे आणि भारतात साठ वर्षे हक्क राहतात. ख्रिस्ती यांचे निधन १२ जानेवारी १९७६ रोजी झाले. म्हणजे भारतात २०३६ च्या अखेरीपर्यंत आणि ब्रिटनमध्ये २०४६ च्या अखेरीपर्यंत पुस्तक विकत घ्यावे लागेल किंवा ग्रंथालयातून आणावे लागेल. तोपर्यंत मराठी अनुवादासाठीही परवानगी लागेल.

पहिले वाचन वेगाने करावे. कादंबरी त्याच वेगासाठी लिहिलेली आहे. दुसऱ्या वाचनात हाती पेन्सिल ठेवावी आणि पहिल्या खेपेस ज्याच्यावर संशय आला त्या प्रत्येक पात्रापुढे त्या संशयाचे कारण लिहावे. त्याने काय केले म्हणून तो वाटला, की तो कुठला, कोणत्या नावाचा आणि कशा घरातला म्हणून वाटला, हे दोन रकान्यांत मांडले की कोणता रकाना आधी भरतो ते पाहण्यासारखे असते.